मार्च एंडिंग झेपतं, मग घरातलं का झेपत नाही?

सांगलीकरीण

मी पतसंस्थेत कॅशियर आहे. मार्च एंडिंगला रात्री दहा-दहा वाजेपर्यंत बसतो, ऑडिटर डोक्यावर असतो, चहावर दिवस निघतो. डोकं ठणकतं, चिडचिड होते. पण एप्रिलचा पहिला आठवडा सरला की मी ठणठणीत. उलट काम निभावल्याचं बरंच वाटतं.

घरी सासूबाई अर्धांगवायूनंतर अंथरुणाला खिळल्या आहेत. उजवी बाजू गेली, बोलणं समजत नाही. दिवसा मावशी असतात, संध्याकाळ आणि रात्र माझी. कूस बदलायला उठते आणि नंतर डोळा लागत नाही. पहाटे तीनला टक्क जागी. केस मुठीने जातात, पित्त पाठ सोडत नाही, सर्दी गेली म्हणेपर्यंत परत येते. आमचे हे म्हणतात, "ऑफिसात एवढं टेन्शन घेतेस, मग घरात असं काय आहे?" सासूबाईंवर राग नाही, माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनीच केली. मग हे टेन्शनच का? आणि असेल तर मार्चसारखं उतरत का नाही?

विटेकर

ताई, सकाळी अनुलोम-विलोम करा आणि मन प्रसन्न ठेवा. सेवेचं पुण्य कुठे जात नाही.

निवृत्त सिस्टर, मिरज

प्राणायाम जरूर करा, पण ज्या बाईची रात्रीची झोप मोडते तिला "मन प्रसन्न ठेवा" सांगून भागत नाही. मी मेडिसिन वॉर्डात नोकरी केली. पेशंटइतकंच कॉटशेजारच्या नातेवाइकाकडे माझं लक्ष असायचं, कारण वर्षभरात त्यातलं कुणीतरी स्वतःच बीपी नाहीतर शुगर घेऊन ओपीडीच्या रांगेत दिसायचं.

ताई, हे टेन्शनच आहे, पण मार्चमधल्यापेक्षा वेगळ्या जातीचं. कॅश मोजताना पाचशेची एक नोट कमी भरली की काय होतं? छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, हाताला घाम सुटतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन सोडतात, रक्तात साखर येते, पचन मागे पडतं. नोट सापडली की थोड्या वेळात सगळं जागच्या जागी. तात्पुरत्या ताणाला शरीर तयारच असतं आणि त्यात माणूस कामही चोख करतो. दुसरा प्रकार एक काम संपण्याआधी दुसरं अंगावर घेणाऱ्यांचा. त्यांचे हे झटके पाठोपाठ येतात, मध्ये उसंत नसते, आणि डोकेदुखी-पित्त तिथेच सुरू होतं.

तुमचं घरातलं तिसऱ्या प्रकारचं, न संपणारं. इथे त्याच ग्रंथींतून येणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचं काम बिघडतं. एरवी ते पहाटे चढतं आणि रात्री उतरतं. रोज झोप मोडली आणि धास्ती राहिली की ही लय विस्कटते.

हान्स सेल्ये या संशोधकाने १९३६ साली मॉन्ट्रियलमध्ये उंदरांवर हे पाहिलं. थंडी, जखम, अतिश्रम, औषधांचा मारा, कारण कुठलंही असो, आत खुणा त्याच: अ‍ॅड्रिनल ग्रंथी वाढलेल्या, पोटात व्रण. आधी धोक्याची घंटा, मग तग धरणं, मग गळून जाणं, असे टप्पे त्याने मांडले. तग धरण्याचा काळ मला सगळ्यात फसवा वाटतो. बाई डबा करते, कामावर जाते, हसून बोलते, म्हणून घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे.

सारख्या सर्दीचंही नवल नाही, अशा ताणात अंगातली प्रतिकारशक्तीच मंदावते आणि जखमाही उशिरा भरतात. अमेरिकेत १९९५ साली एक अभ्यास झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाची शुश्रूषा करणाऱ्या १३ बायका आणि तेवढ्याच वयाच्या १३ इतर बायका घेतल्या, सगळ्यांच्या हाताला साडेतीन मिलिमीटरची सारखी जखम केली. शुश्रूषा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. तुमच्या यजमानांना एवढं वाचून दाखवा.

आणखी एक. मार्च कधी संपणार हे तुम्हाला माहीत असतं आणि हिशोब तुमच्या हातात असतो. आज रात्री आईंना ठसका लागेल, ताप चढेल की शांत झोप लागेल, हे कुणाच्याच हातात नाही. लंडनच्या सरकारी नोकरांची १९६७ पासून पाहणी झाली. हृदयविकाराने जास्त मेले ते वरचे साहेब नव्हेत, खालच्या पायरीवरचे. पुढच्या पाहण्यांत, ज्यांचा स्वतःच्या कामावर ताबा कमी त्यांना हा धोका जास्त, असंही दिसलं.

म्हणून सांगते, रात्री वाटून घ्या. "जमेल तेव्हा मदत" नको, ठरलेले वार हवेत. त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून. डायपर, युरिन बॅग, कूस, सगळं यजमानांनी करायचं. कधी उठावं लागेल या धास्तीने झोप लागत नाही, ती धास्ती त्या रात्री पूर्ण काढून टाकायची. आणि सगळं टेन्शनवर ढकलू नका. केस गळतायत तर थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या. मन फारच भरून आलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

दर्यापूरचा

आमच्याकडे बाबांचं दोघा भावांनी वार लावून केलं. पहिले काही दिवस आपल्या वाराला नसताना पण जाग येते, मग सुटते. मात्र रात्रीच्या औषधांचा कागद भिंतीला लावा, नाही तर झोपलेल्या माणसाला विचारायला येतात.

सांगलीकरीण

सिस्टर, जखमेचं वाचून दाखवल्यावर हे बराच वेळ गप्प होते. शुक्रवार आणि शनिवारची रात्र घ्यायला तयार झालेत. एकट्याने कूस कशी बदलायची ते मावशी शिकवणार आहेत. काल मेडिकलवाल्याकडे सहज बीपी बघितलं, १५०/९६ आलं. हे टेन्शनचंच म्हणायचं का? गोळी लागेल?

निवृत्त सिस्टर, मिरज

एका मापावरून कुणीच सांगू शकत नाही, आणि धावपळीत दुकानात उभ्याने बघितलेलं तर धरूच नका. दंडाला पट्टा लावायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. चहा घेऊन अर्धा तास झालेला असावा. पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं गप्प बसा, मग मोजा. सात दिवस सकाळ-संध्याकाळ, वहीत लिहून. ती वही डॉक्टरांना दाखवा, गोळीचं ते ठरवतील. मध्येच १८०च्या वर गेलं, छातीत दुखलं किंवा दम लागला तर वही भरायची वाट बघू नका, त्याच दिवशी जा.