टॅग लपवू नका
वर एकाने विचारलंय की इन्फ्लुएन्सरच्या रीलवर जाहिरातीचा टॅग नसला तर बिघडतं काय. बिघडतं हो! आस्की म्हणजे जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था, तिचे नियम २०२१ पासून आहेत, पैसे सोडाच, फुकट प्रॉडक्ट मिळालं तरी सांगावं लागतं, १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत निदान ३ सेकंद टॅग दिसायला हवा. इथे अंधेरीत जाहिरात एजन्सीत काय होतं, रात्री नऊला क्लायंटचा फोन, टॅगमुळे रीच पडतो, रील कमी लोकांना दिसते म्हणे, टॅग खाली ढकला, आणि रिटेनर, म्हणजे दरमहाचं बांधलेलं काम, जाईल म्हणून आपला अकाउंट मॅनेजर लगेच हो म्हणतो, एडिटर बिचारा शेवटची लोकल पकडायची सोडून तेच करत बसतो. मला हे मुळीच पटत नाही, बघणाऱ्याची ही सरळ फसवणूक आहे. नवीन मुलांनो, टॅगचं ब्रीफमध्येच, म्हणजे क्लायंटच्या कामाच्या सूचनांतच, लेखी घ्या, तोंडी नको.