डोक्याला मार लागल्यापासून मिस्टर खूप चिडतात, घरी कसं सांभाळू?

प्रश्न: वर्धा रोडवर मिस्टरांचा बाईकवरून ॲक्सिडेंट झाला, 4 महिने झाले, मेंदूच्या समोरच्या भागाला मार आहे. चालतात, बोलतात, पण बारीकसारीक गोष्टीवरून भडकून राहिले. काल शर्टाचं एकच बटण कितीतरी वेळ लावत होते, मी हात लावला तर ओरडले आणि मग स्वतःच रडले. सासूबाई म्हणतात मुद्दाम करतो. मला काही सुचून नाही राहिलं.

उत्तर 1: ताई, मुद्दाम नाही करत ते. रागाला ब्रेक लावायचं काम समोरचाच भाग करतो ना. माझ्या भावाचंही असंच होतं, आम्ही घरात टीव्ही बंद ठेवला, एका वेळी एकानेच बोलायचं आणि दुपारची झोप पक्की, कारण मेंदू लवकर थकतो अन् थकला की भडका उडतो. बटण त्यांनाच लावू द्या, तोच व्यायाम आहे.

उत्तर 2: नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, ऑक्युपेशनल थेरपी आहे, बटण, जेवण, आंघोळ हेच शिकवतात, एकदा दाखवाच. सुरुवातीचे 6 महिने सुधारणा जोरात असते पण नंतरही होत राहते, धीर सोडू नका. फिट आली किंवा उलट्या होऊन गुंगी वाटली तर मात्र थेट इमर्जन्सीत न्या. आणि तुम्हीही वेळेवर जेवा हो.

प्रश्नकर्ती: आज हात नाही लावला. वेळ लागला पण चारही बटणं लागली. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, काहीच बोलल्या नाहीत, आत जाऊन मुलासाठी शिरा केला.