स्वॉट कॅट्स 'वेळेत बंद झालं' म्हणणाऱ्यांसाठी

बोका नंबर एक:
काल या मंचावर 'तिरकस' यांनी लिहिलं की स्वॉट कॅट्स हे दोन बोके-वैमानिकांचं जुनं अमेरिकी कार्टून २३ भागांत आटपलं ते बरंच झालं, आणखी दोन वर्षं चाललं असतं तर आपणच नावं ठेवली असती. वर हेही, की आपल्याला ती मालिका आवडत नाही, आपल्याला आपलं दहा वर्षांचं असणं आवडतं. दोन ओळींत उत्तर देऊन सोडून देणार होतो, पण जमलं नाही.

अहो, दहाव्या वर्षी मी दिसेल ते बघत होतो. त्यातलं बहुतेक सगळं आज पाच मिनिटं बघवत नाही. वयाचीच जादू असती तर सगळंच गोड लागलं असतं ना?

मागच्या महिन्यात 'द रॅथ ऑफ डार्क कॅट' पुन्हा पाहिला. एन्फोर्सर्स म्हणजे शहराचं सुरक्षादल, त्याचे दोन वैमानिक (हेच आपले नायक) खलनायक डार्क कॅटच्या मागावर आहेत, तो टप्प्यात आलाय आणि त्यांचा प्रमुख कमांडर फेरल रेडिओवर ओरडतो की बाजूला व्हा, हा माझा. हे ऐकत नाहीत. मग साहेब स्वतःचं विमान यांच्यावर घालतात. यांचं विमान जाऊन आदळतं थेट एन्फोर्सर्सच्या मुख्यालयावर, डार्क कॅट निसटतो आणि बिल फाटतं या दोघांच्या नावावर. नुकसान फिटेपर्यंत भंगाराच्या यार्डात राबा! त्याच यार्डात लष्कराने टाकून दिलेल्या सामानातून त्यांचं लढाऊ विमान टर्बोकॅट उभं राहतं. धक्का साहेबांचा आणि भरपाई आपली, हे दहाव्या वर्षी कुणाला कळलं होतं? मला तर नोकरीला लागल्यावर कळलं. म्हणजे ही मालिका आज मला तेव्हापेक्षा जास्त आवडते. याला स्मरणरंजन म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

दुसऱ्या सीझनमध्ये तर ते आणखी धीट झाले होते. 'रेझर्स एज'मध्ये आपल्या हातून दोन म्हातारी माणसं जखमी झाली असं दोघांतल्या रेझरला वाटतं आणि त्याचा हातच उचलत नाही. मुलांच्या कार्टूनमधला नायक, आणि पूर्ण भाग त्याच्या अपराधी भावनेवर! नेमकं इथे असताना जानेवारी १९९५ मध्ये गळा घोटला. तीन भाग कागदावरच राहिले. का, तर मालिका काढणाऱ्या हॅना-बार्बेरा स्टुडिओचे मालक टेड टर्नर यांना मारामारी खपत नव्हती. त्यांच्या लाडक्या कॅप्टन प्लॅनेट या कार्टूनचे भाग किती? ११३. आमच्या बोक्यांचे २३.

तिरकस:
माझ्या चार ओळींवर अख्खा अग्रलेख. धन्य झालो.

टर्नरची दंतकथा दर सहा महिन्यांनी कुणीतरी नव्याने सांगतं, म्हणून तारखा देतो. अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे टर्नर टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध बोलले ते जून १९९३ मध्ये. स्वॉट कॅट्सचा पहिला भाग आला सप्टेंबर १९९३ मध्ये. म्हणजे या गृहस्थांनी आधी भाषण ठोकलं, मग आपल्याच कंपनीला क्षेपणास्त्रवाले बोके काढू दिले, मग दुसरा सीझनही करू दिला आणि मग अचानक त्यांना भाषण आठवलं? बंद पडायची कारणं साधी असतात. पैसा, खेळण्यांची विक्री, वेळापत्रक. पण त्यात खलनायक नसतो, म्हणून आपल्याला ती पटत नाहीत.

आणि एक 'रेझर्स एज' किती वेळा दाखवणार? बाकी भागांत काय आहे? राक्षस येतो, एन्फोर्सर्स हरतात, कॅली बटण दाबते, बोके येतात, संपलं.

खवचट आत्या:
कॅलीचा विषय निघालाच आहे तर मला बोलू द्या. ती उपमहापौर आहे. महापौर मँक्स दिवसभर गोल्फ खेळतो आणि शहर ही बाई चालवते. कागद हिचे, बैठका हिच्या, संकटात पुढे हीच. आणि मालिकेने हिला दिलं काय? एक संपर्कयंत्र आणि दर दोन भागांनी एक अपहरण! मी शाळेत असल्यापासून या मुद्द्यावर चिडलेली आहे. पुढे नोकरीत माझाही एक मँक्स होता. सह्या त्याच्या, काम माझं. त्यामुळे मालिका लवकर गेली याचं मला दुःख आहे ते एवढ्यासाठीच की कॅली महापौर झालेली बघायची राहिली.

बोका नंबर एक:
आत्या, दुसऱ्या सीझनमध्ये फेलिना आली की! फेरलची पुतणी, स्वतः विमान चालवते, काकालाही जुमानत नाही. सुधारत होते म्हणतो ते हेच.

तिरकस, तारखांचं उत्तर सोपं आहे. कंपनीत एकदा सुरू झालेलं काम मालकाच्या एका भाषणाने दुसऱ्या दिवशी थांबत नाही. नावडतीचं मीठ अळणी व्हायला दोन वर्षं लागतात कधी कधी.

तिरकस:
म्हणजे पुरावा नाही, म्हण आहे. चालेल.

मधला बाक:
तुम्ही दोघं भांडताय ते अमेरिकेतल्या प्रेक्षकांसारखे. आपल्याकडे कार्टून नेटवर्क आलं १९९५ मध्ये, मालिका त्याच वर्षी जानेवारीत संपलेली. आपण पहिला भाग पाहिला तेव्हाच ती बंद पडलेली होती! आपल्यासाठी ती कधी 'बंद' झालीच नाही, तेच २३ भाग वर्षानुवर्षं फिरत राहिले. मी आणि माझा भाऊ दर सुट्टीत म्हणायचो की यंदा नवीन भाग येतील. कुणी सांगायला नव्हतं की बाबांनो, दुकान कधीच आवरलंय. खरं कळलं ते कॉलेजात इंटरनेट आल्यावर. तोवर आम्ही आमचेच पुढचे भाग रचून वह्या भरल्या होत्या. माझ्या भागांत खलनायक डॉक्टर व्हायपर जिंकायचा, कारण तो काढायला सोपा होता.

कॅसेटवाली:
मधला बाक, अगदी अगदी. संध्याकाळनंतर त्याच चॅनेलवर टीएनटी वाहिनीचे जुने इंग्रजी सिनेमे लागायचे, म्हणून मी दिवसाच रेकॉर्ड करून ठेवायचे. 'अ ब्राइट अँड शायनी फ्यूचर' मी काकाच्या साखरपुड्याच्या कॅसेटवर घेतला. भविष्यात मेटलिकॅट्स या यंत्रमानव गुंडांचं राज्य आहे, सगळं शहर गुलाम झालंय, आणि तिथेच टेप संपली. पुढे थेट मुंग्या. शेवट कळायला किती वर्षं गेली विचारू नका. काकू अजून विचारते की अंगठी घालतानाचं चित्रण कुठे गेलं.

तेव्हा तिरकसभाऊ, 'राक्षस येतो, बोके येतात, संपलं' हे तुमच्यासाठी. माझ्याकडे तर बोके आलेच नाहीत.

आठवा खजिना:
सगळ्यांचं रडणं वाचलं. आता खरं दुःख ऐका. स्वॉट कॅट्सचा प्रत्येक भाग जवळपास स्वतंत्र होता, त्यामुळे 'अपूर्ण' असं काही राहिलंच नाही. त्याच हॅना-बार्बेराचं 'पायरेट्स ऑफ डार्क वॉटर' आठवतंय? त्यातल्या नायकाला, रेनला, तेरा खजिने शोधायचे होते, नाहीतर काळं पाणी सगळं जग गिळणार. २१ भाग झाले, आठ खजिने मिळाले आणि मालिका बंद. पाच खजिने आजही तिकडेच पडलेत. ते काळं पाणी माझ्या हिशोबाने एव्हाना किनाऱ्याला लागलं असेल.

जॅकचा शागीर्द:
अपूर्ण राहिलं तेच बरं म्हणा. आम्हाला शेवट मिळाला, आमचे हाल बघा. सामुराई जॅक हे कार्टून २००४ मध्ये ५२ भागांवर थांबलं. खलनायक अकूने भविष्यात फेकलेला जॅक भूतकाळात परतला की नाही हे ठाऊक नाही, तरीही मन शांत होतं. २०१७ मध्ये परत आणलं, दहा भाग. पहिले सहा-सात अप्रतिम, आणि शेवटच्या भागात घाईघाईने अकूला संपवलं. वर लग्नाच्या दिवशी जॅकची नवरी ॲशी नाहीशी होते. तेरा वर्षं थांबलो ते यासाठी?

उशिरा आलेला:
अरे!! मी बघतोय ना ते सध्या! चौथ्या सीझनवर आहे. धागा स्वॉट कॅट्सचा आहे म्हणून निर्धास्त वाचत होतो!

जॅकचा शागीर्द:
२०१७ साल उलटून किती काळ झाला. तोवर काय करत होतात?

उशिरा आलेला:
नोकरी, संसार, आजारपणं. सांगू सविस्तर? 'रहस्यभेद' असा एक शब्द वर टाकायला किती कष्ट पडले असते?

आठवा खजिना:
शागीर्दबुवा, चूक तुमचीच. पण मूळ मुद्दाही चूक. ॲशी अकूची मुलगी. अकूच मुळात संपला तर ती जन्मणार कशी? कथेचा हिशोब चोख आहे. तुम्हाला हिशोब नको, लग्न हवं होतं.

उशिरा आलेला:
ती अकूची मुलगी आहे???

आठवा खजिना:
...

खवचट आत्या:
शाब्बास. एकाने घर पाडलं, दुसऱ्याने विटा नेल्या.

जॅकचा शागीर्द:
हिशोब चोख असेल तर ती त्याच क्षणी जायला हवी होती, लग्नापर्यंत थांबली कशी? मुहूर्त बघून? प्रेक्षकांना रडवायचं होतं म्हणून थांबवली. शिवाय अकूचा मूळ आवाज, माको, २००६ मध्येच गेले. ग्रेग बाल्डविन यांनी नंतर चांगलं निभावलं, मान्य. पण ते हसणं ऐकलं की कळायचं, हा तो नाही. परत आणलेल्या मालिकेत हेच होतं. माणसं बदललेली असतात आणि आपण जुन्याच कानांनी ऐकत बसतो.

मधला बाक:
त्या 'बदललेल्या' माणसांनीच त्या सीझनमध्ये जॅकला थकलेला, हरलेला, रिकाम्या हातांचा दाखवायचं धाडस केलं. २००१ च्या मालिकेत ते जमलं नसतं. माझे बाबा कधी कार्टून बघत नसत. तो एक सीझन मात्र माझ्याबरोबर शेवटपर्यंत बसून पाहिला, एक अक्षर बोलले नाहीत. शेवट फसला म्हणून सगळंच टाकाऊ ठरवायचं?

जॅकचा शागीर्द:
बाबांना आवडलं यावर मी काय वाद घालणार. ही पळवाट आहे, पण असो.

मधला बाक:
पळवाट? तुमचं 'तेरा वर्षं थांबलो' चालतं आणि माझे बाबा चालत नाहीत?

उशिरा आलेला:
रिकाम्या हातांचा म्हणजे? तलवार कुठे गेली? नको. सांगू नका.

तिरकस:
मंडळी, तुमचं चालू द्या, पण या सगळ्यात माझाच मुद्दा सिद्ध होतोय. जॅक परत आलं, भांडणं झाली. फायरफ्लाय या मालिकेचे १४ भाग बनले, ११ च दाखवले, तेही उलटसुलट क्रमाने, म्हणून आज ती दंतकथा आहे. सात सीझन झाले असते तर पाचव्यापासून शिव्या खाल्ल्या असत्या. लवकर गेलेल्याला नावं ठेवायला कुणाकडे काही उरत नाही.

बोका नंबर एक:
हा तर्क कुठल्याही गोष्टीला लावता येतो. पुढे बिघडलं 'असतं' म्हणून आत्ताच मोडा. मग सुरू तरी कशाला करायचं? आणि बिघडण्याचा हक्कसुद्धा मालिकेचाच असतो, साहेब. तो दुसऱ्या कुणी हिरावून घेतला तर त्याला 'वेळेत बंद झालं' म्हणत नाहीत.

नुसतं हळहळून आम्ही बसलोही नव्हतो. २०१५ मध्ये स्वॉट कॅट्सचे जनक ट्रेम्ब्ले बंधूंनी नव्या मालिकेसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ५० हजार डॉलर मागितले, तर जमले १ लाख ४० हजारांच्या वर. नुसत्या दहा वर्षांच्या आठवणींवर एवढे पैसे निघत नाहीत.

तिरकस:
नुसत्या आठवणींवरच निघतात. नवी मालिका कुणी पाहिली नव्हती, मग पैसे कशाला दिले? आणि पुढे काय झालं तेही सांगा.

बोका नंबर एक:
पुढे टून्झ ही ॲनिमेशन कंपनी सोबत आल्याचं जाहीर झालं. काम निघायचं तेव्हा निघेल.

कॅसेटवाली:
'निघायचं तेव्हा निघेल' असं काकू अंगठीच्या चित्रणाबद्दल म्हणते.

खवचट आत्या:
नव्या मालिकेत कॅलीला महापौर करणार असतील तर मी पण पैसे देते. नसतील तर एक दमडी नाही. कुणी विचारून सांगा.

तिरकस:
काल रात्री 'रेझर्स एज' पाहिला. तुमच्या त्या अग्रलेखामुळे नाही, झोप येत नव्हती म्हणून. ठीक आहे. तो एक भाग चांगला आहे. तोफेच्या कळीवर बोट नेऊन तो थांबतो ते बरं जमलंय. तो तुमचा. उरलेले २२ माझे.

बोका नंबर एक:
'द जायंट बॅक्टेरिया' नेऊ शकता, त्याच्यासाठी मीही भांडणार नाही. 'द डार्क साइड ऑफ द स्वॉट कॅट्स'ला हात लावलात तर नवा धागा काढेन. बोके स्वतःच गुंड, डार्क कॅटचे साथीदार, आणि कॅलीसुद्धा त्यांना सामील! तुमच्या 'राक्षस येतो, बोके येतात'मध्ये हा भाग कुठे बसवता ते सांगाच.

खवचट आत्या:
एका भागात बाईला खलनायिका तरी होऊ दिलं. तेवढाच काय तो बढतीचा भाग.

तिरकस:
तो मी पाहिलेला नाही. आज बघतो. उद्या याच वेळी फाडतो.

उशिरा आलेला:
मी पण तो पाहिलेला नाही. आणि आता पाहायचं कारणही राहिलं नाही, बोकेसाहेब. आभारी आहे.