कागद, छपाई, पॅकेजिंग, प्रकाशन: निकाल एकाच तक्त्यात का?

शाई_आणि_शेअर (धागाकर्ता)
तिमाही निकाल लागले की 'कागद, छपाई, पॅकेजिंग व प्रकाशन' अशा एकाच मथळ्याखाली सगळ्या कंपन्यांचा तक्ता फिरायला लागतो. कुणाचा नफा किती टक्के वाढला, कुणाचा घटला, एवढंच त्यात असतं. माझ्या मते हा तक्ता छोट्या गुंतवणूकदाराची दिशाभूल करतो. नवनीतचंच बघा. आपल्याकडे शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणून गाइडं आणि वह्या मुख्यतः एप्रिल ते जूनमध्ये खपतात. पुढच्या तिमाहीत विक्री उतरते, ती दरवर्षीच उतरते. शेजारच्या ओळीत कागद बनवणारी जेके पेपर असते. तिचं गणित लाकडाच्या भावावर आणि चीन-इंडोनेशियातून येणाऱ्या स्वस्त कागदावर चालतं. २०२२-२३ मध्ये तिचा निव्वळ नफा हजार कोटींच्या वर होता, २०२४-२५ मध्ये तो निम्म्याहूनही खाली आला. एक घसरण ऋतूची, दुसरी बाजाराची. दोन्ही लाल रंगात दिसतात आणि नवखा माणूस दोन्ही शेअर विकून मोकळा होतो.

खोकेवाला_भोसरी
साफ असहमत. हे सगळे धंदे एकाच लगद्यावर जगतात. कागद गिरणीची जी विक्री, तोच माझा, म्हणजे खोके बनवणाऱ्याचा, खर्च. ओळी शेजारीशेजारी असल्या तरच पैसा कुठून कुठे गेला ते कळतं.

माझंच सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून क्राफ्ट कागदावरचा (खोक्यांचा जाड तपकिरी कागद) जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला आणि खोक्यांवरचा १२ वरून ५ वर आला. गिऱ्हाईक खूश. पण रिळांचा ट्रक दारात उतरला की बिलात १८ टक्के भरायचे आणि तयार खोका देताना ५ घ्यायचे. फरकाचा परतावा मागता येतो, पण तो हातात पडेपर्यंत पगार थांबत नाहीत. सप्टेंबरअखेरच्या तिमाहीत या बदलाचे जेमतेम नऊ दिवस आले. ज्यांनी तेवढे आकडे बघून 'कर कमी झाला, पॅकेजिंगला अच्छे दिन' असं लिहिलं, त्यांनी खोकेवाल्याला एक फोन तरी करायला हवा होता.

अबचौक_विक्रेती
धागाकर्त्यांशी सहमत, आणि खोकेवाल्या दादांचा मुद्दा तर प्रकाशनात उलटाच लागतो. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे कागदावर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, प्रकाशकाला मिळत नाही. वहीचा कागद शून्य टक्क्यावर गेला, पुस्तकाचा १८ वर. गठ्ठे तेच, हमाल तोच, पण पुस्तकाचा खर्च वाढला. हे 'नफ्यात बदल' या एका आकड्यात कुठे दिसतं?

शिवाय अभ्यासक्रम. राज्यात २०२५-२६ ला पहिलीची पुस्तकं बदलली. पुस्तकं बदलली की जुन्यांचा बाजार बसतो. थोरल्याची पुस्तकं धाकट्याला चालतील का, असं विचारत काउंटरवर आलेल्या आईला 'ताई, यंदा नवीनच घ्यावी लागतील' असं सांगताना मला वाईट वाटतं. प्रकाशकासाठी मात्र तेच वर्ष चांगलं. दुकानदारांनी जूनला नेलेला माल न खपता ऑगस्टनंतर प्रकाशकाकडे परत जातो तेही धरा. म्हणजे जूनचा नफा अर्धा कच्चाच.

ताळेबंद_सीए
ताई, शेवटचं वाक्य दुरुस्त करतो. इंड एएस ११५ या, विक्री हिशेबात कशी धरायची ते सांगणाऱ्या लेखा नियमानुसार परत येईल असा अंदाज असलेला माल विक्रीतून त्याच तिमाहीत वजा करावा लागतो. जूनचा नफा कच्चा नसतो, अंदाज चुकला तर चुकतो.

शाई_आणि_शेअर
खोकेवाले दादा, नऊ दिवसांचा मुद्दा मान्य, तो माझ्या डोक्यात आला नव्हता. पण त्याने माझंच म्हणणं पक्कं होतं. टक्केवारीच्या रकान्यात ते नऊ दिवस दिसत नाहीत. निदान प्रत्येक कंपनीची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा, आणि गिरणी, खोका, पुस्तक असे तीन तक्ते करा.

खोकेवाला_भोसरी
गेल्या वर्षीच्या तिमाहीशी तुलना, कबूल. तीन तक्ते, नाही. गिरणीने क्राफ्टचा भाव चढवला की माझं मार्जिन त्याच महिन्यात खाली येतं, कारण मोठ्या गिऱ्हाइकाशी दर आधीच ठरलेला असतो. त्या दोन ओळी वेगळ्या पानांवर टाकल्यात तर गिरणीचा वाढलेला नफा बघून लोक टाळ्या वाजवतील आणि तो कुणाच्या खिशातून गेला ते कुणालाच दिसणार नाही.