इनसाइड आउट २ : मुलांचा की आईबापांचा?

ताम्हिणी
सुट्टीत आपल्या क्लबहाउसला 'इनसाइड आउट २' दाखवला, म्हणजे रायली नावाच्या मुलीच्या डोक्यात राहणाऱ्या भावनांचं कार्टून, त्यावर काल इथे एकांनी लिहिलंय की "पहिल्याचीच शिळी भाजी, मुलं कंटाळली, रडले ते फक्त आईबाप, पुढच्या वेळी खराखुरा मुलांचा सिनेमा लावा." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

कंटाळली ती कुठली मुलं? पुढच्या सतरंजीवरची, बालवाडीतली. ती वाढदिवसाच्या केकलाही कंटाळतात. मागे भिंतीला टेकलेली सातवी-आठवीची गँग बघितलीत का? रायली हॉकीच्या पेनल्टी बॉक्समध्ये (चूक केलेल्या खेळाडूला बसवतात तिथे) धापा टाकत असते, आत डोक्यात अँक्झायटी, म्हणजे चिंता, पॅनेलभोवती गरगरत असते आणि तिला स्वतःलाच थांबता येत नाही, तेव्हा त्यांच्यातलं एकही पोरगं मोबाइलमध्ये नव्हतं. माझ्या मुलीचं क्लासच्या चाचणीच्या आदल्या रात्री हेच होतं. तिची आजी त्याला 'नाटकं' म्हणते. त्या दिवशी जिना चढताना ती म्हणाली, "आजीला हा दाखव."

आणि शिळी भाजी कशी? पहिल्यात जॉय (आनंद) सॅडनेसला (दुःखाला) बाजूला ठेवत होती. इथे तीच जॉय रायलीच्या वाईट आठवणी उचलून मागे भिरकावून देते, कशासाठी, तर "मी चांगली आहे" एवढंच मुलीला वाटावं म्हणून. म्हणजे चूक एकट्या अँक्झायटीची नाही. आपण पालक दुसरं काय करतो?

पेठकरी
ती पोस्ट माझी. नाव घ्यायला हरकत नव्हती.

२०१५ चा पहिला भाग मी थिएटरात पाहिलाय. त्यात जॉय हेडक्वार्टरमधून, म्हणजे भावना बसतात त्या खोलीतून, बाहेर फेकली जाते आणि चालत परत येते. यातही जॉय बाहेर फेकली जाते आणि चालत परत येते. फक्त या वेळी सोबत जरा जास्त मंडळी. पहिल्यातल्या बिंग बाँगसारखं, रायलीच्या त्या काल्पनिक मित्रासारखं, पोटात तुटणारं यात काय आहे? नवीन भावना आणल्या चार, काम दिलं एकीला. आँवी, म्हणजे कंटाळा, सोफ्यावर लोळत मोबाइल बघते, तिला तर पगार कशाचा तेही कळत नाही. गल्ला दीड अब्ज डॉलरच्या वर गेला, ठीक. पण ऑस्कर कुणाला? लॅटव्हियाच्या 'फ्लो'ला. ज्यात कुणी एक शब्द बोलत नाही.

सी_विंगचे_आजोबा
तुमचं ऑस्कर राहू द्या बाजूला. मला इंग्रजी ओ की ठो कळलं नाही. नातू कानात सांगत होता, तोही रंगात आला की गप्प. शंभर पुणेकर जमवून इंग्रजी सिनेमा, खाली पाट्या पण इंग्रजीच. मराठीत का नाही?

मुळाकाठ
आजोबा, हिंदीत आहे. रायलीला अनन्या पांडेचा आवाज आहे.

सी_विंगचे_आजोबा
मी मराठी म्हणालो.

मुळाकाठ
मराठीत करून बघणार कोण? आपल्या चारही विंगमधली पोरं इंग्रजी माध्यमातली. यांना 'एकोणसत्तर' म्हटलं की बोटं मोजतात. धंदा करणारे वेडे नाहीत.

सी_विंगचे_आजोबा
२०२० मध्ये सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला. २०२४ च्या ऑक्टोबरात अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा याच क्लबहाउसमध्ये पेढे वाटलेत तुम्ही. पेढे मराठीत खायचे आणि कार्टून हिंदीत बघायचं?

मुळाकाठ
नातवाची शाळा कुठली, आजोबा?

सी_विंगचे_आजोबा
ती त्याच्या बापाने निवडली. बापाला विचारा. आणि मोठ्यांशी नीट बोला.

डबा_विसरला
डबिंगमध्ये थोडं काम केलंय म्हणून बोलतो. "बघणार कोण" हे अर्धसत्य आहे. लहान मुलांचे आवाज बहुतेक वेळा बायकाच देतात, आणि आपल्याकडे बालनाट्यात तयार झालेल्या तशा कितीतरी आहेत. त्रास असतो तो ओठ जुळवायचा. इंग्रजीत क्रियापद मधेच येऊन जातं, आपलं शेवटी. तोंड मिटलं तरी आपलं वाक्य चालूच. त्यासाठी चांगला लिहिणारा लागतो, आणि लिहिणाऱ्याला पैसे द्यायची वेळ आली की सगळ्यांना मराठीचा बाजार लहान आहे हे आठवतं. माझं एका कामाचं मानधन अजून यायचंय. असो, तो विषय काढला तर रात्र जाईल.

मुळाकाठ
म्हणजे शेवटी मीच बरोबर. बाजार लहान.

डबा_विसरला
लहान ठेवलाय. वाचा नीट.

ताम्हिणी
विषय काय होता, चाललंय काय! या सिनेमासाठी डॅकर केल्टनर आणि लिसा डामूर या मानसशास्त्राच्या अभ्यासकांचा सल्ला घेतला होता. उगाच रडवायला नाही बनवलेला. कुणाला त्याबद्दल काही म्हणायचंय का?

पेठकरी
म्हणायचंय. तज्ज्ञांना विचारून केलंय असं दिसतं, हीच तक्रार आहे. प्रत्येक प्रसंगाखाली समुपदेशकाची सही. आमच्या लहानपणी परीक्षेच्या आधी पोटात गोळा यायचा, त्यावर कुणी सिनेमा काढला नाही. चिमणबागेत क्रिकेट खेळलो की जायचा.

ताम्हिणी
क्रिकेटला आता वेळ कुठे आहे? शाळा, स्कॉलरशिपचा क्लास, अबॅकस, रात्री आठला घर. रायलीला तीन दिवसांच्या हॉकी कॅम्पमध्ये एवढं होतं, यांचा कॅम्प जूनपासून मार्चपर्यंत.

पेठकरी
क्लासला घालतं कोण? जॉय?

ताम्हिणी
हे बोलणं शोभत नाही तुम्हाला.

पेठकरी
बरं, राहिलं. पेनल्टी बॉक्सचा प्रसंग चांगला आहे, लिहून घ्या. त्या प्रसंगासाठी बाकीचा दीड तास सोसायचा असेल तर सोसा. पण सहा वर्षांच्या पोराला त्यासमोर बसवू नका. माझा पुतण्या दोन रात्री विचारत होता, "माझ्या डोक्यात पण ती केशरी अँक्झायटी आहे का?" काय सांगायचं त्याला?

ताम्हिणी
'हो' सांगायचं. खरं तर बारा वर्षांखालच्यांना वेगळा शो हवा होता, तेवढ्यापुरतं तुमचं धरते. तेवढ्यापुरतंच.

डबा_विसरला
पुढच्या रविवारी 'फ्लो' लावा. मांजर, कुत्रा, कॅपिबारा, संवाद नाहीत. डबिंगचं भांडण आपोआप संपलं. बरं, तो 'ब्लेंडर' या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर बनवलाय, त्यामुळे बाजार लहान आहे वगैरे कुणी सांगू नये.

सी_विंगचे_आजोबा
मुका सिनेमाच बघायचा तर मी घरी टीव्हीचा आवाज बंद करतो. मराठी लावा, मग खाली उतरतो.