कसारा घाटातला नवा रेल्वे बोगदा आत्ताच रुंद खणावा का?

गंगापूररोडकर: कसारा–इगतपुरी चढ ३७ ला १ (३७ मीटर गेल्यावर १ मीटर उंची), म्हणून अजून गाड्यांना बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं लागतात. नवा मार्ग १०० ला १ चढाने, बोगद्यांतून न्यायची चर्चा आहे. खणताच आहात तर २५० किमी वेगाच्या हिशोबाने रुंद खणा. रूळ, सिग्नल नंतर बदलतील; चालू बोगद्यात पुन्हा सुरुंग कोण लावणार?

पासहोल्डर: हिशोब करू. दोन स्टेशनांच्या उंचीत साधारण ३०० मीटरचा फरक, म्हणजे १०० ला १ ने ३० किमी. १६० च्या वेगाने सव्वाअकरा मिनिटं, २५० ने सव्वासात. चार मिनिटांसाठी एवढा जादा खडक फोडायचा? त्या पैशात पंचवटी एक्सप्रेसला मोकळा रूळ द्या.

गंगापूररोडकर: मिनिटं सोडा हो. अरुंद बोगद्यात वेगाने शिरलेली गाडी समोरची हवा दाबते. आत कानात दडे बसतात आणि ती दाबलहर पलीकडच्या तोंडातून धडाका करत बाहेर पडते. हा धडाका वेगाच्या घनाने वाढतो. १६० चे २५० केले की जवळपास चौपट. पुढे हौस आली तरी बोगदाच आडवा येईल.

देवळाली कॅम्प: मग जपान कसं चालवतं? शिंकानसेनच्या (त्यांच्या बुलेट ट्रेनच्या) दुपदरी बोगद्यांचा छेद सुमारे ६४ चौरस मीटर, जर्मनीत ९२ च्या आसपास. जपान्यांनी डबे हवाबंद केले, गाडीचं नाक लांबवलं, बोगद्याच्या तोंडाशी झरोक्यांची कमान जोडली. ती कमान नंतरही बांधता येते.

खरा घोळ वेगळाच आहे. १०० ला १ चढ हवा असतो मालगाडीला. कोलोन–फ्रँकफर्ट मार्गावर (२००२) गाड्या ३०० ने धावतात आणि चढ २५ ला १ पर्यंत, आपल्या घाटापेक्षाही उभा! मार्ग फक्त प्रवासी गाड्यांचा असेल तर १०–१२ किमीत घाट चढून होईल. दोघींना एका बिळात घातलंत की मालासाठी लांबी आणि वेगासाठी रुंदी, दोन्हींचे पैसे भरा.

पासहोल्डर: हे पटलं. शिवाय खडकाचं कोण बोलणार? बेसाल्ट उभा राहतो, पण लाव्हाच्या दोन थरांमधली तांबडी माती पाण्याने सैल होते, आणि इगतपुरीचा पाऊस माहीत आहेच. छत जितकं रुंद तितके खडकात ठोकायचे बोल्ट आणि शॉटक्रीट (फवारायचं काँक्रीट) जास्त.

गंगापूररोडकर: त्याच डोंगरात समृद्धी महामार्गाचा जवळपास ८ किमीचा बोगदा झालाच ना, तोही तीन-तीन लेनचा! आणि देवळालीकर, फक्त प्रवासी गाड्यांच्या तिकिटांवर घाटाचा खर्च निघेल हे कुठल्या आधारावर? बंदराचे कंटेनर सोडून चालणार नाही.

देवळाली कॅम्प: मग एकावर एक रचलेल्या कंटेनरसाठी उंच खणा, रुंद कशाला?