गेममधलं खनिज खरं दिसावं की चटकन ओळखू यावं?

गारगोटी
खाणकाम असलेला बहुतेक कुठलाही गेम उघडा. तांब्याचं ओअर (म्हणजे ज्यातून धातू काढतात तो कच्चा दगड) नारिंगी, लोखंडाचं निळसर करडं, युरेनियमचं हिरवंगार आणि वर चमकणारं. मला हे मनापासून खटकतं. तांब्याची खनिजं सहसा तांब्यासारखी दिसतच नाहीत. चाल्कोपायराइट पितळी पिवळं, मॅलाकाइट हिरवं, ॲझुराइट गडद निळं, आणि बोर्नाइट हवेत राहिलं की त्यावर जांभळी-निळी झाक चढते. लोखंडाचं हेमेटाइट मातकट लाल नाहीतर पोलादी काळपट, मॅग्नेटाइट काळं. युरेनियमचं पिचब्लेंड तर चक्क काळं, आणि ते अंधारात उजळतही नाही. घड्याळाच्या काट्यांना रेडियमचा रंग लावायचे, त्यात हिरवा उजेड पडायचा खरा, पण तो द्यायचं त्यातलं झिंक सल्फाइड.

पाठ्यपुस्तकाशी ताळा जमावा म्हणून मी हे म्हणत नाहीये. ओअरला धातूचाच रंग दिला की वितळवण्यातली सगळी गंमत जाते. नारिंगी दगड भट्टीत टाकला आणि नारिंगी पत्रा बाहेर आला, तर मग भट्टीने केलं काय? व्हिंटेज स्टोरी नावाच्या गेममध्ये मॅलाकाइटचे हिरवे तुकडे मुशीत वितळवून तांबं काढता येतं. हिरव्या दगडातून लालसर धातू वाहताना पाहिला की आपण खरोखर काहीतरी केलंय असं वाटतं. बाकी गेम हा आनंद फुकट घालवतात.

भट्टीवाला
व्हिंटेज स्टोरीत तुम्ही दगडासमोर उभे असता, म्हणून तिथे ते चालतं. फॅक्टोरिओ या कारखाना उभारायच्या गेममध्ये कॅमेरा डोक्यावर असतो, आणि झूम आउट केल्यावर पडद्यावर हजारो तुकडे एकाच वेळी सरकत असतात. माल वाहून नेणाऱ्या एका बेल्टच्या डाव्या बाजूला लोखंड, उजव्या बाजूला तांबं. चुकून एक तुकडा भलत्या बाजूला गेला की पुढची रांग तुंबते. तो तुकडा मला लांबून, पळता पळता दिसायला हवा. त्या अंतरावर पोत दिसत नाही, स्फटिक दिसत नाही, उरतो तो फक्त रंग.

आणि तो रंग पुढेही उपयोगी पडतो. नारिंगी ओअर, नारिंगी पत्रा, नारिंगी तार. कारखान्याच्या कुठल्याही कोपऱ्यात नजर टाकली तरी काय कुठून आलंय ते कळतं. तुम्हाला भट्टीत चमत्कार हवाय. मला तिथे काहीही चकित करणारं नकोय, कारण माझं लक्ष पुढच्या दहा गोष्टींवर असतं.

युरेनियमचं म्हणाल तर रंग खोटा आहे, मान्य. पण त्याच गेममध्ये ते खणायला सल्फ्युरिक ॲसिड लागतं. खऱ्या उद्योगातही युरेनियम खनिजातून सोडवून घ्यायला हे ॲसिड वापरतात. ओअरवर प्रक्रिया केली की युरेनियम-२३५ हा दुर्मीळ प्रकार मिळण्याची शक्यता ०.७ टक्के, बाकी सगळं नेहमीचं युरेनियम-२३८. निसर्गातलं प्रमाणही जवळपास तेवढंच आहे. हा खरेपणा मला रंगापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. २३५ साठवायला किती वाट बघावी लागते ते खेळताना अंगावर येतं, आणि ते कुठलंही टेक्सचर, म्हणजे दगडावर चढवलेलं चित्र, शिकवणार नाही.

थरावरथर
भट्टीवाल्यांना अनुमोदन. ड्वार्फ फोर्ट्रेस हा गेम कितीतरी वर्षं नुसत्या अक्षरं-चिन्हांत खेळला गेला. चित्रांची आवृत्ती स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात आली २०२२ मध्ये. तरी गॅलेनातून शिसं मिळतं आणि कधीकधी चांदीही, हे कित्येकांना त्याच गेमने शिकवलं.

सावळी_रेघ
मला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. त्यामुळे गारगोटी, तुमच्या ‘खऱ्या’ रंगांचा माझ्यासाठी अर्थ काय होतो बघा. हेमेटाइट तांबूस तपकिरी, मॅलाकाइट हिरवं. माझ्या पडद्यावर ही दोन्ही मातीच्या एकाच छटेत येतात. ज्या निळसर-नारिंगी जोडीला तुम्ही खोटं म्हणता, ती मला लख्ख वेगळी दिसते. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ पैकी एकाला असा त्रास असतो, तेव्हा हा मूठभरांचा प्रश्न नाही.

पण सगळा भार रंगावर टाकणंही मला पटत नाही. माइनक्राफ्टमध्ये पूर्वी सगळ्या ओअरचे ठिपके जवळपास एकाच साच्यातले असायचे. २०२१ च्या १.१७ आवृत्तीत ते बदलले आणि जवळजवळ प्रत्येक खनिजाला स्वतःचा आकार मिळाला. हिऱ्याचा तेवढा जुनाच ठेवला. त्या वेळी ‘जुनं छान होतं’ म्हणून बरीच ओरड झाली. मला मात्र त्या दिवसापासून मशालीच्या उजेडात लोखंड आणि रेडस्टोन (त्या गेममधलं काल्पनिक लाल खनिज) रंगाचा विचार न करता ओळखता येऊ लागलं. गेम बनवणाऱ्यांनी ठिपक्यांच्या आकारावर केलेलं ते काम माझ्या लेखी कुठल्याही खऱ्या-खोट्याच्या वादापेक्षा मोठं आहे.

गारगोटी
सावळी_रेघ, तुमच्या या मुद्द्याने माझंच म्हणणं पुढे जातं. आकार हवेत ना? निसर्गाने ते आधीच देऊन ठेवलेत. गॅलेना फुटतं तेव्हा लहान लहान घन निघतात, अगदी काटकोनी. मॅग्नेटाइटचे स्फटिक आठ पैलूंचे. मॅलाकाइट कापलं की आत गडद-फिक्या हिरव्या पट्ट्यांची वलयं. यातलं काही न वापरता प्रत्येक ओअर म्हणजे करड्या दगडावर रंगीत ठिपके, हा आळस आहे.

भट्टीवाला
तुमची उदाहरणं निवडक आहेत. मॅलाकाइट गोलसर गाठींच्या रूपात मिळतं, आणि हेमेटाइटही तसंच मिळतं. रंग काढून घेतला तर ही दोन ढेकळं वेगळी कशी सांगणार? निसर्गाने खनिजं ओळखू यावीत म्हणून घडवलेली नाहीत. तसं असतं तर भूवैज्ञानिकांना खडबडीत चिनी मातीच्या तुकड्यावर घासून रेघेचा रंग बघावा लागला नसता.

पिक्सेलपंत
मी छंद म्हणून टेक्सचर पॅक बनवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर १६ गुणिले १६ च्या चौकटीत येतो. त्यात २५६ चौकोन असतात. बरेचसे भोवतीच्या खडकाला द्यावे लागतात, नाहीतर ओअर भिंतीत बसल्यासारखं वाटत नाही. उरलेल्या जागेत ‘इथे खण’ एवढं सांगायचं. वलयं काढायला गेलं की दोन पावलं मागे सरकताच त्याचा चिखल होतो.

सोन्याचं तर खरेपणाने काही होऊच शकत नाही. टनामागे काही ग्रॅम सोनं असलं तरी ते खनिज खणण्याजोगं ठरतं, आणि बऱ्याचदा डोळ्यांना त्यात सोन्याचा कणही दिसत नाही. प्रामाणिकपणे काढायचं तर मी नुसता गारेचा पांढुरका दगड काढीन आणि खेळणारा त्याच्यावरून चालत जाईल.

तरीही गारगोटींचं एक म्हणणं मला पटतं, आणि त्याचा पुरावा माइनक्राफ्टमध्येच आहे. तिथलं तांब्याचं ओअर नीट बघा: नारिंगी ठिपक्यांत हिरवट ठिपके मिसळलेत. नारिंगी बघून ‘तांबं’ कळतं, हिरवट बघून हा धातू हवेत काय होतो ते कळतं, आणि पुढे तांब्याचे ठोकळे उघड्यावर ठेवले की तेही टप्प्याटप्प्याने हिरवे पडतात. हा गंज ज्याने गेममध्ये आणला त्याने ओअरकडेही लक्ष दिलंय. दोन रंगांत इतकं साधलेलं दुसरं ओअर मला माहीत नाही.

भट्टीवाला
ते ओअर सुंदर आहे यात वादच नाही. पण तेच बेल्टवर ठेवून लांबून बघा, हिरवट ठिपके नारिंगीला मळकट करतील.

सावळी_रेघ
आणि मला ते जवळूनही मळकटच दिसतात. माझ्यापुरतं सांगते, त्यात मला फक्त ठिपक्यांची मांडणी कामाला येते.

गारगोटी
बेल्टवर नारिंगी ठेवा, माझी हरकत नाही. पण पहिल्यांदा खणलेला तुकडा हातात येतो, जवळच्या वस्तूंच्या यादीत मोठा दिसतो, तिथे झूम आउटची सबब चालत नाही. तिथे मला हिरवं मॅलाकाइट हवं, शेजारी नाव लिहिलेलं.

भट्टीवाला
म्हणजे यादीत हिरवं आणि बेल्टवर नारिंगी? एकाच वस्तूची दोन रूपं ठेवली तर नवीन खेळणारा दुसरं खनिज शोधत बसेल. यावर मी ठाम आहे.